उंदीर घेऊन लॅमिंग्टन रोडला

मुंबईला खरेदीला जाणाऱ्या आपल्यासारख्या बायकांचे रस्ते ठरलेले असतात. साड्यांना दादर, कापडाला मंगळदास मार्केट, पूजेच्या सामानाला भुलेश्वर, आणि घरात लग्न निघालं की क्रॉफर्ड मार्केटची एक फेरी. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला पाचसात मिनिटं चाललं की जो रस्ता लागतो, तिकडं मात्र आपलं पाऊल सहसा वळत नाही. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. बोलताना सगळे अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेब चार वर्षांत परत गेले, नाव मात्र लोकांच्या तोंडी कायमचं बसलं.

आमच्या मावशीच्या पिढीला हा रस्ता ठाऊक होता तो सिनेमांमुळे. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, सगळी थिएटरं इथलीच. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला आणि मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. मावशी लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला आली ती तो बघायलाच, आणि अजूनही मुंबई म्हटलं की तिला राणीचा बाग आठवत नाही, मिनर्व्हाचा मोठा पडदा आठवतो. ते थिएटर आता राहिलेलं नाही. रस्ता मात्र गजबजलेला आहे, तो दुसऱ्याच मालानं. रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत विजेवर चालणाऱ्या हरएक वस्तूचं पोट इथं सुटं सुटं करून विकायला ठेवलेलं असतं.

मी तिथं गेले ती उंदीर दुरुस्त करायला. म्हणजे कॉम्प्युटरचा माउस हो! आणि तोही बिनतारी, शेपटीशिवायचा.

त्यामागची हकिगत थोडक्यात सांगते. आमचे हे खोपोलीच्या एका कारखान्यात सोळा वर्षं स्टोअर्समध्ये होते. कारखाना बंद पडला. मग वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांच्या शेजारच्या बाकावर बसून हे टॅली शिकले, आणि आता घरी बसून तीन दुकानदारांचे हिशेब लिहितात. पहिले पैसे हातात आले तेव्हा ह्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, हा माउस. सातशे रुपयांचा. तेरा महिने झाले आणि त्याचं डावं बटण बिघडलं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. एक खिडकी बंद करायला जावं तर दोन बंद. कागद ओढून दुसरीकडे न्यावा तर मध्येच हातातून निसटल्यासारखा पडायचा. हे चिडत नसत. पण त्या टकटकीनंतर खोलीत जी शांतता पडे, ती मला सोसत नसे.

कंपनीकडे फोन केला. हमी बाराच महिन्यांची. दुरुस्ती? "ती होत नाही मॅडम, नवीन घ्या." आता सातशे रुपये म्हणजे काही डोंगर नव्हे, मी शाळेत अर्धवेळ शिकवते त्यातूनही घेता आला असता. पण वस्तू तेरा महिन्यांत टाकाऊ ठरते आणि माणूस सोळा वर्षांत नकोसा होतो, या दोन गोष्टी एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडलेल्या मला बघवेनात. म्हटलं, आधी उघडून तर बघू या आत काय आहे ते. बुधवारी मला तास नसतात. माउस एका रिकाम्या डब्यात सुती फडक्यात गुंडाळला, वर पोळीभाजीचा डबा ठेवला आणि कर्जतहून सकाळची लोकल धरली.

जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. दादरला उतरून पश्चिम रेल्वेकडे आलात की स्लो गाडीच घ्या. फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबेलच असं नाही. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सकाळी फार लवकर जाण्यातही अर्थ नाही, शटर वर जायला अकरा वाजतात. स्टेशनातून पूर्वेलाच बाहेर पडा. चुकून पश्चिमेला गेलात तर भाजी गल्लीत शिराल, आणि मग काय, पिशवी भरूनच परत याल!

रस्त्यावर पाऊल टाकल्याबरोबर पहिल्यांदा जाणवतो तो वास. तापलेल्या कथलाचा, राळेचा. कल्हईवाला दारावर यायचा तेव्हाचा वास आठवतो का, त्याचाच हा लांबचा भाऊ. मग डोळ्यांना जे दिसतं ते बघून मला तर एकदम मण्यांच्या दुकानात आल्यासारखं झालं. काचेच्या बरण्या, प्लॅस्टिकचे खण, खणाखणांत रंगीत पट्ट्यांचे बारीक बारीक दाणे. ते रेझिस्टर. विजेचा प्रवाह अडवून बेताचा करायचं त्यांचं काम, आणि कोणता किती अडवतो हे अंगावरच्या पट्ट्यांच्या रंगांवरून कळतं. आपण पोतीचे मणी निरखावेत तसे लोक ते निरखत होते. पुढं तांबड्या, हिरव्या, पिवळ्या दिव्यांच्या माळा, मग वायरींची भेंडोळी, मग नवरात्रात ढोल बडवतील असे कर्णे, आणि दाराशी टांगलेले पहारा देणारे कॅमेरे. प्रत्येक कॅमेऱ्यात आपण दिसतो हे कळलं की पदर सारखा करावासा वाटतो.

खरेदीची इथली रीत अगदी आपल्या मॅचिंग सेंटरसारखी आहे. ब्लाउजपीस हातात घेऊन अस्तर शोधायला जावं, तसे लोक जळालेला, तुटलेला भाग पुडीत बांधून आणतात आणि काउंटरवर ठेवून म्हणतात, "असा द्या." नाव माहीत नसलं तरी अडत नाही. मला तर ही फार दिलाशाची गोष्ट वाटली.

पहिल्या दुकानात मात्र दुकानदारांनी माझ्या माउसकडे न बघता माझ्या मागं बघितलं. कुणी पुरुषमाणूस येतोय का म्हणून. मग विचारलं, "साहेबांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय का?" मी म्हटलं, "साहेबांना ठाऊकच नाही मी आलेय ते." ते हसले, पण काम पुढं सरकेना. तेवढ्यात पाठीवर सॅक लावलेली एक कॉलेजची मुलगी आली. तिनं उभ्या उभ्या चार वस्तूंची नावं आणि आकडे सांगितले, दुकानदारांनी मान वर न करता खण ओढले, मोजले, पैसे घेतले. वीस वर्षांपूर्वी मीही बी.ए.ऐवजी दुसरीकडे गेले असते तर, असा एक विचार मनात येऊन गेला. पण खरं सांगायचं तर मला त्या मुलीपेक्षाही ते मान वर न करणं आवडलं. गिऱ्हाईक म्हणून आपल्याकडे कुणी इतकं साधेपणानं बघत नाही, तेव्हा न बघितलेलंच बरं! जाता जाता तिनंच मला सांगितलं, "काकू, समोरच्या जिन्याखाली चाचा बसतात. ते उघडून देतील."

जिन्याखालची जागा आपल्या देवघराएवढी. एक टेबल, हाताला येईल असा वाकवता येणारा दिवा, भिंग, आणि इस्त्रीच्या धाकट्या बहिणीसारखं सोल्डरिंगचं हत्यार. चाचांचं वय साठीच्या पुढचं. मी डब्यातून माउस काढला तेव्हा आधी पोळीभाजीचा वास सुटला. चाचा म्हणाले, "पहले आप खाना खा लो, बेटी. ये कहीं भागता नहीं."

मग त्यांनी जे केलं ते मी स्वेटरचा नवा विणकाम-नमुना बघावा तसं बघितलं. आधी बॅटरी बाहेर. हे पहिलं, विजेच्या कुठल्याही कामात. मग माउस उलटा केला. मी घरी तीनदा उलटासुलटा करून बघितला होता आणि स्क्रू म्हणून कुठं दिसला नव्हता. चाचांनी त्याच्या पोटाखाली ज्या गुळगुळीत पट्ट्या असतात, ज्यांवर तो टेबलावरून सरकतो, त्यांतल्या एकीच्या कडेला पातळ पातं घातलं आणि ती अलगद उचलली. खाली स्क्रू! दुसरीच्या खाली दुसरा. आणि बॅटरीच्या खणात जो कागद चिकटवलेला असतो, त्याच्यावरून बोट फिरवून जिथं खड्डा लागला तिथं तिसरा. मी विचारलं, "लपवतात कशाला?" चाचा म्हणाले, दिसायला बरं दिसतं म्हणून. थोडं थांबून म्हणाले, आणि तुम्ही उघडू नये म्हणूनही.

त्या पट्ट्या त्यांनी गोंदाची बाजू वर करून एका प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवल्या, धूळ बसू नये म्हणून. स्क्रू काढले तरी वरचं कवच सुटत नाही, ते आतल्या खाचांत अडकलेलं असतं. तिथं लोखंडी पातं न घालता जुनं एटीएम कार्ड घातलं आणि फटीतून फिरवलं. कट्, कट् करत खाचा सुटल्या. तरी त्यांनी कवच एकदम ओढलं नाही, पुस्तकासारखं उघडलं. काही माउसांत वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी पातळ पट्टी असते, हिसका दिला तर ती तुटते.

आत काय असतं? खरं म्हणजे फार काही नसतं. एक हिरवी पाटी, तिच्यावर बॅटरीच्या दोन पत्र्या, मधलं चाक, आणि पोटाशी एक भिंग. भिंगाशेजारी एक बारीक दिवा असतो. बिनतारी माउसांत पुष्कळदा त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तो टेबलावर पडतो आणि भिंगामागचा चिमुकला कॅमेरा भराभर चित्रं टिपत आपण कुठं सरकलो ते ठरवतो. म्हणून काचेच्या टेबलावर हा उंदीर बावचळतो, काचेवर टिपण्यासारखं काही सापडत नाही त्याला. चाकाभोवती केस गुंडाळले गेले होते, माझेच. ते चाचांनी चिमट्यानं काढले आणि अगदी गंभीरपणे माझ्यासमोर कागदावर ठेवले.

दोष होता तो डाव्या बटणाखालच्या काळ्या डबीत. तूरडाळीच्या चार दाण्यांएवढी डबी, वर एक पांढरा ठिपका, खाली तीन पाय. चाचांनी एक जुनी डबी फोडून दाखवली. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पात, नागमोडी वाकवलेली. ठिपका दाबला की ती पात खाली उडी मारते आणि टक् असा आवाज येतो. तो आवाज म्हणजेच क्लिक. लाखो वेळा उडी मारून तिच्या टोकाशी झीज होते, मळ धरतो, मग ती एकदा टेकण्याऐवजी टेकते, सुटते, परत टेकते. आपल्याला तो एकच टक् ऐकू येतो, यंत्राला दोन मोजता येतात. एवढ्याशा पातीपायी आख्खा माउस कचऱ्यात!

चाचांच्या टेबलाखाली एक पेटी होती, जुन्या माउसांची. त्यांत रबरी गोळ्याचेही होते. आमच्या शाळेत २००४ च्या सुमाराला कॉम्प्युटर आले तेव्हा असलेच होते, गोळा काढून त्यातला मळ नखानं खरवडणं हे मुलींचं आवडतं काम. पण मूळचा माउस याहूनही वेगळा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला नमुना केला, तो लाकडी ठोकळ्याचा होता. खाली एकमेकींना काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ ला एंगेलबार्ट यांनी सान फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला, आणि १९७० साली पेटंट मिळालं. जगभर कोट्यवधी माउस खपले, पण त्या पेटंटाचा पैसा एंगेलबार्ट यांच्या हाती आला नाही. वायर शेपटीसारखी दिसते म्हणून त्याला माउस म्हणू लागले. आता शेपूट गेलं, नाव राहिलं. लॅमिंग्टन साहेबांसारखंच म्हणायचं! लाकडी ठोकळा असता तर स्क्रू लपवायची गरज पडली नसती, हे मात्र खरं.

चाचांनी मला समोरच्या दुकानातून दोन डब्या आणायला पाठवलं. एक बसवायला, एक जवळ ठेवायला. जुनी डबी घेऊन गेले, काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, "अशा दोन द्या." या खेपेला माझ्या मागं कुणी बघितलं नाही. वीस रुपयांना एक. वर मी स्वतःसाठी बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच घेतला, दीडशेचा, भाव करून एकशेवीसला. भाव करण्यात आपल्याला कोण हरवणार?

मग चाचांनी हत्यार तापवलं. जुन्या डबीच्या तिन्ही पायांचं कथील वितळवून पिचकारीसारख्या नळीनं ओढून घेतलं, डबी उपसली, नवी त्याच दिशेनं बसवली आणि तीन ठिपके दिले. दहा मिनिटंही लागली नसतील. दुकान जवळ नसेल तर काय करायचं, तेही सांगितलं: काही माउसांत मधल्या चाकाखालची डबी तीच असते आणि ती फारशी वापरली जात नाही, तशी असली तर तिची आणि डावीची अदलाबदल करायची. शेगडीचे बर्नर आपण बदलतो तसं. कथलाचं काम मात्र शिकल्याशिवाय करू नका, भाजतं आणि त्याचा धूर नाकाशी घेऊ नये. कवच बंद करायच्या आधी त्यांनी ते बटण माझ्या हातानं वीस वेळा दाबायला लावलं. मजुरी शंभर. मी शिकवणीचेही घ्या म्हटलं, तर पोळीभाजीचं काय, असं विचारून त्यांनी तो विषय संपवला.

या रस्त्यावर बसलेल्या अशा माणसांना कंपन्या मोजत नाहीत. सरकारनं मात्र थोडं मनावर घेतलंय. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. ते चांगलंच आहे, पण कवच उघडता येईल अशी वस्तूच बनवली नाही तर हक्काचं काय लोणचं घालायचं, हा माझा प्रश्न आहे.

वेळ होता म्हणून ऑपेरा हाउसच्या बाजूला चालत गेले. बरीच वर्षं बंद असलेलं ते जुनं नाट्यगृह २०१६ साली डागडुजी करून पुन्हा उघडलं. दारातूनच बघितलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली नाही, डोंबिवलीपर्यंत उभी होते.

घरी आल्यावर ह्यांनी माउस हातात घेतला, एकदा दाबला, थांबले. परत दाबला. "कुणी केला?" मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मला तो उघडलेला बघायचा होता." मग जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी वर्तमानपत्र अंथरून तो परत उघडला, नवीन स्क्रू-ड्रायव्हरनं. आता ह्यांच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा माउस आमच्याकडे येऊन पडला आहे.

शाळेच्या कपाटात अकरा बिनतारी माउस मेलेले म्हणून ठेवले होते. मे महिन्याच्या सुट्टीत बॅटऱ्या आतच राहिल्या होत्या, त्या पाझरल्या आणि पत्र्यांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड चढली होती. पुडीला बोट लावायचं नाही, ती कातडीला झोंबते, हातमोजे घालायचे. कानातल्या कापसाच्या काडीला स्वयंपाकघरातलं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूड पुसायची, बारीक फेस येतो, घाबरायचं कारण नाही. मग किंचित ओल्या काडीनं पुसून रात्रभर सुकवायचं आणि मगच नवी बॅटरी. नववीच्या मुलींनी एका शनिवारी हे सगळं केलं. सात चालू झाले. उरलेले चार फेकले नाहीत, त्यांच्या काळ्या डब्या आहेत ना. त्या एका जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत दोघी मुलींना घेऊन लॅमिंग्टन रोडला जायचं ठरलं आहे. चाचांसाठी मेथीची भाजी न्यायची आहे.